कॉलरचा आवाज

४ फेब्रुवारी

आज कामावर परत गेले. बस वेळेवर मिळाली. राष्ट्रप्रमुखांचं भाषण अकराचं होतं, ते उशिरा सुरू झालं. पहिला अर्धा भाग मी केला, उरलेला माझ्या जोडीदारणीनं. दुपारी घरी आले. येताना भाजी आणि बाबांसाठी खिळे आणले.

एवढंच लिहून थांबणार होते.

"पुलावर आपल्या वीरांनी इतिहास घडवला," हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. त्या पुलावर माझा धाकटा भाऊ गेला. मी टीव्हीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उभी राहते आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी भाषण हातांच्या खुणांनी सांगते. पूल म्हणजे डावा हात आडवा आणि त्याखाली उजव्या हाताची दोन बोटं, खांबांसारखी. ती खूण केली. हात थरथरले नाहीत. का नाही थरथरले, याचा दिवसभर राग येतोय.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. आईलाही येत नव्हतं. त्यामुळे आमच्या घरात आणि बाबांच्या क्लबात सगळ्यांना खुणेचं नाव असतं. गालाला बोट टेकवलं की खळी, म्हणजे माझा भाऊ. मी भुवई. राष्ट्रप्रमुख बोलताना सारखा गळपट्टी ओढतो, म्हणून तो कॉलर. बाहेर त्याला काय काय म्हणावं लागतं. इथे तो कॉलरच.

विभागप्रमुखांनी नंतर बोलावलं. हातातल्या पेनाची टकटक चालूच. "तुमच्या घरचं समजलं. फार वाईट झालं. पण आज चेहरा फारच पडलेला दिसला हो."

"बरं," म्हटलं.

"प्रेक्षकांना कोपऱ्यात तेवढाच तर दिसतो."

पुन्हा "बरं" म्हटलं. बाहेर आल्यावर वाटलं, ते पेन घेऊन त्याच्याच चहात बुडवावं.

घरी बाबांनी विचारलं, "आजारी आहेस का?" त्यांनी भाषण बघितलं होतं. नेहमीसारखं, आवाज बंद करून. आमच्याकडे टीव्हीचा आवाज कधी लागतच नाही.

दाराच्या बेलचा बल्ब गेलाय. आमच्या बेलला आवाज नाही, बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत दिवा लागतो. बल्ब बदलणं खळीचं काम होतं. सध्या येणारे दारावर दणके घालतात, म्हणजे जमीन हादरते आणि बाबांना कळतं.

७ फेब्रुवारी

कामावरच्या चहाच्या खोलीत टीव्ही चालू होता. एक निवृत्त सेनाधिकारी आणि एक प्राध्यापक कॉलरच्या भाषणाचा अर्थ लावत बसले होते. प्राध्यापक म्हणाला, "या वेळी त्यांच्या स्वरात पोलाद होतं." सेनाधिकारी म्हणाला, "हा जिंकलेल्या माणसाचा आवाज आहे." दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

मी साखर घालायची विसरले आणि तसाच चहा प्यायले.

सभागृहात आणि टीव्हीवर जो आवाज जातो तो आमचे साऊंडवाले आधी घासूनपुसून एकसारखा करतात. माझ्या हेडफोनमध्ये मात्र त्याच्या माइकचा आवाज थेट येतो. लढाई सुरू झाल्यापासून तो माझ्या कानात राहायला आल्यासारखा आहे. त्याची जीभ टाळ्याला चिकटते ते मला ऐकू येतं. तो मनापासून बोलतो तेव्हा भराभर बोलतो, शब्द खातो. जे त्याला स्वतःलाच पटत नाही तिथे आवाज खाली नेतो, सावकाश बोलतो, आणि त्याच्या आधी आवंढा गिळतो. त्या सावकाशीला हे पोलाद म्हणतात.

पुलाच्या वाक्याआधी त्यानं दोनदा गिळला.

१२ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी मला आणि चष्म्याला बसवून एक जुनी चित्रफीत दाखवली. चष्मा म्हणजे माझी जोडीदारीण. लढाईच्या पहिल्या दिवशीचं भाषण, कोपऱ्यात मी.

"हा चेहरा बघा," साहेब म्हणाले. "हा हवाय. हा कुठे गेला?"

मी बघितलं. त्या बाईची मान ताठ होती. "आपण तयार आहोत. हे लवकर संपेल. आपली मुलं परत येतील." भुवया स्थिर, खांदे मोकळे, हनुवटी जरा वर. मीसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवला असता.

आमच्या भाषेत शब्द हातात असतात आणि बाकी सगळं चेहऱ्यात. "परत येतील" एवढंच हात सांगतात. नक्की येतील, बहुतेक येतील की कोण जाणे, ते गाल आणि भुवया सांगतात. त्या दिवशी हेडफोनमध्ये काय येत होतं ते मला अजून आठवतं. "परत येतील" म्हणताना त्याचा श्वास मध्येच तुटला होता. माझ्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

बाहेर आल्यावर चष्म्याला तसं सांगितलं.

"अगं, मग काय करणार होतीस?" ती म्हणाली. "आपण माणसाचं म्हणणं पोचवतो. घसा नाही पोचवत. उद्या कोणी शिंकला तर शिंकून दाखवशील?"

मी हसले. ती चांगली आहे. घरी आल्यावर ते हसणं आठवून संताप आला.

१६ फेब्रुवारी

रविवार. बाबांबरोबर क्लबात गेले. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवले, कोणी खळीची खूण केली नाही. ती न करण्यासाठी लोक हात खिशात घालून उभे होते.

शिवणवाली मावशी मात्र सरळ येऊन बसली. ती आणि आई लहानपणापासूनच्या मैत्रिणी. तिला सध्या सैन्याच्या पँटींना दुमड घालायचं काम मिळालंय. तिच्या मुलाला ऐकू येतं. तो सारखी शिट्टी वाजवतो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार आली होती, तेव्हापासून त्याचं नाव शिट्टी.

"त्यातली एक पँट घालून आरशासमोर उभा होता," मावशी म्हणाली. "म्हणतो, नव्या तुकडीत जाणार. मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे जा, तिकडे शेतीचं काम बघ, हे सगळं निवळेपर्यंत. आठवडाभर भांडतोय."

"मग?"

"मग काय, गुरुवारी भाषण आहे ना. म्हटलं, भाषण बघते आणि ठरवते. खरंच संपत आलं असेल तर उगाच कशाला अडवू? तो जन्मभर बोल लावेल."

"मावशी, तू कॉलरवर विश्वास ठेवतेस?"

"त्या मेल्याचं तोंडसुद्धा मी बघत नाही," ती म्हणाली. "मी तुला बघते."

हे तिनं कौतुकानं सांगितलं. गालही ओढला माझा.

१७ फेब्रुवारी

बाबांशी भांडले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी उलट आठवणार नाही.

ते खुर्चीचा पाय तासत होते. मी म्हटलं, गुरुवारी टीव्ही लावू नका. तो खोटारडा आहे. त्यानं तुमच्या मुलाला खाल्लं आणि तुम्ही दर वेळी त्याच्यासमोर जाऊन बसता.

बाबांनी पटाशी खाली ठेवली. "मी त्याला कधी बघितलं? त्याचे हात टेबलावर पडलेले असतात. मी तुला बघतो."

"हात माझे आहेत, बोलणं त्याचं आहे."

"मला कसं कळणार?"

"सगळ्या जगाला कळतं."

"पहिल्या दिवशी आम्ही दोघं बसलो होतो," बाबा म्हणाले. "इथेच. खळी माझ्या बाजूला. तू म्हणालीस, परत येतील. त्यानं तुझ्याकडे बोट दाखवलं, म्हणाला, ताईचा चेहरा बघा, काळजी करू नका. संध्याकाळी मी त्याला सैन्यात जा म्हटलं."

मी म्हटलं, त्याला ऐकू येत होतं. तुमचं ठीक आहे, त्याला येत होतं. आवाजाचं बटण हाताशी होतं.

"या घरात कोणी ते कधी दाबलंय?"

मी उठून आत गेले. दोष द्यायला त्यांना मीच सापडले. माझं काम आहे ते. मी पगार घेते आणि हात हलवते. कॉलरला दोष देता येत नाही म्हणून मला. द्या.

१८ फेब्रुवारी

दिवसभर आम्ही दोघं एकमेकांच्या हातांकडे बघत नव्हतो. आमच्या घरात अबोला असा असतो.

संध्याकाळी चहा ठेवत होते तर बाबांनी जमिनीवर पाय आपटला. वळून बघितलं. "त्याचा आवाज कसा आहे?" त्यांनी विचारलं.

आयुष्यात त्यांनी मला कुठल्याच आवाजाबद्दल विचारलं नव्हतं. पावसाच्याही नाही, आईच्याही नाही.

मी सांगायला लागले. खोल आहे, मधेच कोरडा होतो. बाबांनी हात हलवला. कोरडा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं लाकूड. "असं नको. दाखव."

मग ओट्यापाशी उभी राहिले आणि पुलाचं भाषण पुन्हा केलं. हात तेच. चेहरा मात्र हेडफोनमधला. गिळताना गिळलं. श्वास तुटला तिथे खांदे तुटू दिले. सावकाश बोलतो तिथे डोळे बाजूला गेले, कारण तो आवाज तसाच आहे, दार कुठे आहे ते शोधणाऱ्या माणसासारखा.

बाबा हलले नाहीत. चहा उतू गेला. त्यांनीच उठून गॅस बंद केला.

"हा घाबरलाय," ते म्हणाले.

"हो."

"पहिल्या दिवशीही?"

मी हो म्हटलं. ते पुसायला फडकं घेऊन आले आणि ओटा पुसत राहिले. तिथे काही उरलं नव्हतं तरी.

"हे तू तिकडे दाखवत नाहीस," एवढंच म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी

भाषण झालं.

मजकूर अर्धा तास आधी मिळाला. उन्हाळ्यापर्यंत विजय. नव्या तुकड्या. तरुणांनी स्वतःहून पुढे यावं. चष्मा समोर स्टुलावर बसली. मी अडखळले तर सुचवायचं आणि मध्यावर जागा बदलायची, ही आमची पद्धत.

तो उभा राहिला, कॉलर ओढली. सुरुवातीला रस्त्यांबद्दल, रेशनबद्दल भराभर बोलला. ते मीही भराभर दिलं. मग कागद उलटल्याचा आवाज. गिळला. आवाज खाली गेला. "उन्हाळ्यापर्यंत," तो म्हणाला, आणि थांबला. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या खाली, माझ्या कानात, तो तोंडानं श्वास घेत होता.

मी एक शब्द कमी केला नाही की एक जास्त केला नाही. हे कोणीही तपासावं. चेहऱ्यावर मात्र जे कानात आलं तेच येऊ दिलं. "विजय आपलाच" म्हणताना तो दार शोधत होता, मीही शोधलं. "तुमच्या मुलांना पाठवा" म्हणताना त्याचा घसा बसला आणि त्यानं खाकरून तो लपवला. मी लपवलं नाही.

चष्म्याचं तोंड उघडंच राहिलं. वेळेच्या आधीच उठून तिनं माझ्या खांद्याला हात लावला आणि जागा घेतली. पुढचं सगळं तिनं ताठ मानेनं केलं.

घाम इतका आला होता की गळ्यावरची पावडर सदऱ्यावर उतरली.

२१ फेब्रुवारी

विभागप्रमुखांनी बोलावलं. मी सामान आवरून, पिशवी घेऊनच आत गेले.

"शाब्बास," ते म्हणाले. "काल कशी जिवंत वाटलात. किती भाव होते चेहऱ्यावर. मी बायकोला पण दाखवलं. हेच तर मी सांगत होतो."

पेनाची टकटक चालू होती. मला हसूही येईना. इतकी वर्षं या खुर्चीत बसलाय आणि त्याला एक खूण वाचता येत नाही. उड्या मारल्या असत्या तरी म्हणाला असता, व्वा.

जिन्यात चष्म्यानं गाठलं. "वेडी झालीस का?"

"तो जसं बोलला तसं दिलं."

"तो काय बोलला ते द्यायचं."

"त्याचा आवाज कापत होता आणि मी मान ताठ ठेवत होते, तेव्हा मला वेडी नाही म्हणालीस."

तिनं चष्मा काढून पुसला. "तुझं दुःख मला कळतं. पण माझ्या घरी दोन खाणारी तोंडं आहेत, आणि त्या चौकटीत तुझ्यानंतर मी उभी असते. परत केलंस तर मी सांगेन. आधीच सांगून ठेवते, मागून नाही."

"सांग," म्हटलं.

२३ फेब्रुवारी

मावशीनं बोलावलं म्हणून तिच्या घरी गेले. शिवणयंत्राभोवती खाकी पँटींचा ढीग. शिट्टी पलंगावर पाय हलवत बसला होता. मावशी म्हणाली, "मी याला नाही म्हटलं. हा म्हणतो, मला ऐकू येत नाही म्हणून मला कळलं नाही. आता तूच सांग, तोंडानं. त्याला ऐकू येईल असं."

मला या घरात तोंडानं बोलायची फारशी सवय नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. तो घाबरलेला आहे, उन्हाळ्याबद्दल त्यालाच खात्री नाही, तू जाऊ नकोस.

"ताई, मी स्वतः ऐकलंय," शिट्टी म्हणाला. "शेजारच्यांकडे, मोठ्या आवाजात. खणखणीत बोलला. या घरात ऐकणारा मी एकटाच आहे ना?"

मी माइकचं, साऊंडवाल्यांचं सांगितलं. तो ऐकत होता. मूर्ख नाही तो. म्हणूनच नेमकं विचारलं.

"एवढं कानात येत होतं, तर खळीदादाला का नाही सांगितलंस?"

मावशीला ओठ वाचता येतात. तिनं त्याच्या कानाखाली वाजवली. मग स्वतःच रडायला लागली, आणि तो तसाच बसून राहिला, गालावर हात न ठेवता.

मला त्याच्या प्रश्नाचा राग आला पाहिजे होता. बसमध्ये पूर्ण वेळ मी तो शोधत होते. सापडला तो दुसऱ्याच कोणावर होता. त्या चित्रफितीतल्या, मान ताठ ठेवणाऱ्या बाईवर.

१ मार्च

परवाच्या भाषणात मी पुन्हा तसंच केलं. काल चष्म्यानं वर सांगितलं. आज मला चौकटीतून काढलं. तळमजल्यावर जुन्या फितींना चिठ्ठ्या लावायचं काम दिलंय. विभागप्रमुख पेन न वाजवता बोलले, म्हणजे खरंच घाबरले असावेत. "तुम्ही माझा विश्वासघात केलात," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही शाब्बास म्हणाला होतात." त्यांचा चेहरा असा झाला की तेवढ्यासाठी तळमजला परवडला.

दुपारी कॉलरचं छोटं भाषण होतं. चष्म्यानं सगळं एकटीनं केलं. संध्याकाळी बाबांना विचारलं, कसं होतं?

"छान करते ती," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्यासारखंच." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं, "आधीच्या तुझ्यासारखं."

मी ताटं घासली. नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसले. गालाला बोट टेकवलं. खळी. बातमी आली त्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच ती खूण केली. बाबांनीही केली. 

४ मार्च

संध्याकाळी कामावरून आले तर मावशी आमच्या दारात, पायरीवर बसलेली. हातातली पिशवी मांडीवर.

"केव्हाची बटण दाबतेय," ती म्हणाली. "हात दुखला."

बाबा मागच्या खोलीत करवत चालवत होते. करवतीमुळे जमीन हादरतच असते, दारावरच्या दणक्यांचा काय पत्ता लागणार. मी म्हटलं, मावशी, बल्ब गेलाय.

"मग बदला की. घरात सुतार आहे, दुभाषी आहे, बल्ब लावायला कोणी नाही?" एवढं बोलून तिच्या लक्षात आलं. तिनं माझा हात धरला, आणि हात धरला की तिला बोलता येत नाही, म्हणून लगेच सोडला.

"शिट्टी गेला," ती म्हणाली.

"कुठे?" मी विचारलं.

"बहिणीकडे," ती म्हणाली. "सकाळच्या गाडीनं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मित्र भित्रा म्हणतात म्हणे. डबा दिला तो घरीच ठेवून गेला. मला म्हणाला, माझं आयुष्य तू बिघडवलंस." तिनं डोळे पुसले. "असू दे. रागावलेला आहे. पण आहे."

मी मान हलवली. तिचा मुलगा आहे. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या आधी क्षणभर मी तिचा इतका द्वेष केला की मलाच बघवेना. तिला दिसलं असणार. ती माझा चेहराच तर बघते. तिनं पिशवीतला डबा काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही खा. वाया नको जायला."

५ मार्च

सुट्टी. बाबा सकाळीच क्लबात गेले. मी भिंतीतल्या फळीवरचा खोका काढला. खळीनं दोन बल्ब आणून ठेवलेले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्याच्या सवयीप्रमाणे एकावर लिहिलेलं, "आधी हा."

बाबांचं स्टूल घेतलं. ते एका बाजूला जरा डुगडुगतं, सुताराच्या घरचं असूनही. जुना बल्ब काढला, तो घट्ट बसला होता. नवीन फिरवला. स्टूल जागेवर ठेवलं. मग दार ओढून बाहेर गेले आणि बटण दाबलं.

दाराखालच्या फटीतून उजेड आला. बोट काढलं, गेला.

पुन्हा दाबलं.